केडगावची आई : पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकरे

ओझरच्या शिवारात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली म्हणजे पेठ व सुरगाण्याकडून मजूर कुटुंबे येऊन मळ्यांवर उतरतात. आई मांडवाखाली कामास लागते. तान्हे लेकरू फडक्याच्या झोळीत निजलेले असते, आणि त्या झोळीची दोरी सातआठ वर्षांच्या बहिणीच्या हाती असते. हे दृश्य आम्ही पुष्कळदा पाहतो आणि पुढे जातो. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर ध्यानात येते की, येथे संभाळावयाचे मूल एक नसून दोन आहेत. झोळीतले रडले तर आई धावून येते. दोरी ओढणारीची भूक, तिचा ताप, तिचे वाढते वय ह्यांकडे कोण पाहतो?

प्रिय वाचकहो, लेकराची शुश्रूषा म्हणजे त्याला एक वेळ अन्न घालणे नव्हे. जन्मापासून ते आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत कोणी तरी एकाने त्याचा भार वाहणे होय. हा धडा ज्या स्त्रीने आपल्या देशास घालून दिला, त्या पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे पांडित्य, त्यांचा प्रवास, त्यांचे शास्त्र-भाषांतर ह्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्राकडे लेकरांची आई ह्या एकाच बाजूने पाहणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटाच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळी निर्बंध असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या ह्या धाकट्या लेकीस शिकविली. पुढे हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेस निघाले. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे आणि जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांजवळच अन्न उरले नाही, तेव्हा पुराणिकास कोण देणार? जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे सर्व विकून झाली. शेवटी रानातील पाला व फळे खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. त्यांच्यामागे थोड्याच काळात लक्ष्मीबाईही अंथरुणास खिळल्या.

त्या वेळची एक गोष्ट बाईंच्या अंतःकरणात जन्मभर राहिली. आई तापाने व उपासाने क्षीण होऊन पडली होती आणि अन्नासाठी तिचा जीव तळमळत होता. सोळा वर्षांची रमा, जिने कधी कोणापुढे हात पसरला नव्हता, ती शेजारच्या एका बाईच्या दारी गेली. तोंडून शब्द फुटेना, केवळ डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने दया करून भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन रमा धावत आली. परंतु आईस तो खाववेना. भाकरी हाती आली होती, तरी ती घेण्याची शक्ती त्या देहात उरली नव्हती. आई वारली. खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमेने स्वतः तिरडीस हात लावला. आणि उंचीने लहान असल्यामुळे तिने ती खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली.

पुढे वडील बहीणही गेली. राहिलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी हजारो मैल फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यास पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत बसून गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढली आणि रात्र काढली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. भुकेलेल्या देहास अन्नाइतकीच उबेची गरज असते, हे बाईंनी कोणत्याही शाळेत जाण्यापूर्वीच आपल्या शरीरावर भोगून जाणले होते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृत ऐकून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये त्यांस मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेली ही माता तान्ह्या लेकरास घेऊन पुण्यास आली.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनापुढे बाईंची साक्ष झाली. ह्या देशातील स्त्रिया आपला आजार पुरुष वैद्यास दाखवीत नाहीत आणि म्हणून अकाली मरतात. तरी स्त्रियांना वैद्यकी शिकविली जावी, अशी मागणी त्यांनी तेथे केली. स्वतः डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती, आणि त्या हेतूने १८८३ साली त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस कानांनी कमी ऐकू येत असे, त्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे माता व कन्या ह्या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

मनुष्याच्या दृष्टीने एक दार लागले होते. परंतु देवाने त्यांस दुसऱ्या दाराशी उभे केले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आपली आप्त आनंदीबाई जोशी ही फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी घेत होती, तो समारंभ त्यांनी पाहिला. ह्याच आनंदीबाईंचे पहिले लेकरू थोड्याच दिवसांचे होऊन वारले होते, आणि त्या दुःखातूनच त्यांस वैद्यकीची ओढ लागली होती. पुढच्याच वर्षी आनंदीबाईही क्षयाने वारल्या. रमाबाईंनी अमेरिकेत राहून बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. लहान मुलांना मारून व घोकून घेऊन नव्हे, तर खेळ, गाणी, वस्तू व हातांचे काम ह्यांच्या द्वारे शिकवावे, अशी ही फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाची पद्धत होय. अशा रीतीने, ज्या बाईला लेकराच्या देहाची वैद्यकी शिकता आली नाही, ती लेकराच्या मनाची वाढ कशी होते हे शिकून परतली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. त्या काळच्या विधवा म्हणजे पुष्कळदा आठदहा वर्षांच्या मुलीच असत. ज्या वयात मुलीला पोटभर खाणे, निश्चिंत झोप व मायेचा शब्द हवा, त्या वयात तिला एक वेळचे जेवण व सर्वांची बोलणी मिळत. बाईंच्या घरात त्यांना पुस्तक मिळाले, बाग मिळाली, हसण्याची मुभा मिळाली. १८९३ साली धर्मांतराचा वाद उठून कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी घर चालू राहिले.

आता आम्ही १८९६ सालाकडे येतो. मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या कानी येताच बाईंस आपले कुटुंब आठवले. त्या स्वतः त्या प्रांतात गेल्या आणि अनाथगृहे व कामाच्या छावण्या पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली, अंगभर फोड आलेली लेकरे रस्त्याकडेला पडली होती. थोड्याशा धान्यासाठी मुली विकल्या जात होत्या, आणि दुष्ट माणसे त्यांना नेण्यास टपली होती. बाईंनी सुमारे ३०० मुली व विधवा आपल्याबरोबर आणल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला होता, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही. पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेच्या रस्त्यावर, केडगाव येथे बाईंनी आधीच शेतीसाठी माळजमीन घेतली होती. तेथे त्या मुलींना नेण्यात आले. प्रथम छपरे व तंबूच होते. पुढे विहिरी खणल्या, घरे बांधली, आणि १८९८ च्या सप्टेंबरात ते मुक्तिसदन प्रभूस अर्पण झाले.

प्लेगाच्या त्या दिवसांतील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाईंच्या आश्रमातील एक तरुण मुलगी प्लेगाच्या इस्पितळाकडे पाठविली गेली, आणि ती पुन्हा सुखरूप परत मिळाली नाही. तेथे स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असे बाईंनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते नाकारले. इंग्रज सरकारच्या राज्यात, अनाथांचे घर चालवीत असताही, एका अनाथ मुलीसाठी बाईंनी सरकारास दोष देण्याचे धैर्य केले. रोग्यास खाट व औषध मिळाले तरी तेथे त्याची अब्रू सुरक्षित नसेल, तर त्याला शुश्रूषा म्हणता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे.

केडगावी आणलेल्या लेकरांचे संगोपन कसे झाले? ज्या जुन्या मुली शारदासदनात शिकून तयार झाल्या होत्या, त्यांच्याकडे नव्या मुलींच्या तुकड्या सोपविल्या गेल्या. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, केस विंचरणे, जेवू घालणे, रात्री जवळ निजणे, अक्षरे शिकविणे हे काम त्यांचे झाले. कालपर्यंत ज्या विधवेला सकाळी तोंड पाहण्यासही लोक अशुभ मानीत, ती आता अनेक लेकरांची आई झाली. ज्यांना कोणी सांभाळले होते, त्यांनी दुसऱ्यांस सांभाळले; बाईंच्या घराची सारी घडी ह्या एका गोष्टीवर बसली होती. १९०० साली गुजरातेत व भोवतालच्या मुलखात दुष्काळ पडला, तेव्हा बाईंनी ह्याच तयार झालेल्या स्त्रियांना तिकडे पाठविले, आणि त्यांनी शेकडो मुली आणल्या. मुक्तीत तेव्हा जवळजवळ २,००० जीव राहत होते.

परंतु सत्य सांगावयाचे तर सर्वच लेकरे वाचली नाहीत. कित्येक मुली इतक्या खंगलेल्या येत की, अन्न, वस्त्र व प्रेम मिळूनही त्या दगावत. बाईंच्या आईच्या हातातील भाकरीची गोष्ट येथे पुन्हा पुन्हा घडली. हे असे का होते, ते आजच्या वैद्यकीने उलगडले आहे. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या मुलाचे हृदय, यकृत व आतडी मंदावलेली असतात. त्याला एकदम पोटभर जेवण दिले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून ते दगावू शकते. म्हणून अशा मुलास आरंभी थोडे थोडे, पातळ, दुधासारखे अन्न दर दोन-तीन तासांनी, रात्रीही उठवून द्यावे लागते. अंग उबदार ठेवावे लागते. आणि ताप दिसत नसला तरी आत रोग असेल असे धरून डॉक्टर औषध देतात. लोहाचे औषधही पहिल्या दिवसांत न देता मूल सावरल्यावर दिले जाते. हे ज्ञान त्या काळी कोणापाशी नव्हते. आज ते आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

मुलगी वाचली म्हणजे काम संपले असे बाईंनी कधी मानले नाही. मुक्तीत लहानांसाठी बालवर्ग होता, मोठ्यांसाठी शाळा होती. विणकाम, शेती, स्वयंपाक, रुग्णसेवा, छापखाना ह्यांपैकी काही तरी प्रत्येकीच्या हाती दिले जाई. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली जाई. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे निराळे घर होते, म्हणजे जिला जगाने टाकले तिलाही व तिच्या लेकरालाही आसरा मिळे. बाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर छापावयाचे ठरले, तेव्हा त्याचे खिळे जुळविणारे हात ह्याच मुलींचे होते. जी मुलगी एके काळी रस्त्याच्या कडेला मरणाची वाट पाहत पडली होती, ती देवाच्या वचनाची अक्षरे जुळवू लागली.

बाईंच्या स्वतःच्या लेकरानेही हाच भार उचलला. मनोरमाबाई शिकून आल्या व आईच्या उजव्या हाताप्रमाणे शाळेचे काम पाहू लागल्या. गुलबर्ग्यासही त्यांनी मुलींची शाळा काढली. १९१९ साली सरकारने बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईच्या आधी निघून गेल्या. ज्या स्त्रीने हजारोंना आईपण दिले, तिला आपल्या एकुलत्या एक कन्येस मूठमाती द्यावी लागली. तरीही त्यांनी हातचे काम टाकले नाही. भाषांतराचे शेवटचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या. भाषांतर १९२४ साली छापून बाहेर पडले. त्यांचे मुक्ती मिशन केडगाव येथे आजही चालू आहे.

आता, बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? याईराच्या बारा वर्षांच्या कन्येची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. प्रभूने तिला मरणातून उठविले. घरातले सर्व चकित होऊन उभे होते, आणि त्या चमत्काराच्या आनंदात तिच्या जेवणाची आठवण कोणास राहिली नव्हती. ती आठवण प्रभूस राहिली. तिला काही खावयास द्या, अशी त्याने आज्ञा केली. जीव देण्याचे काम त्याने स्वतः केले, आणि घास देण्याचे काम घरच्यांवर सोपविले. रमाबाईंनी आपल्या जन्मात ह्या दुसऱ्या आज्ञेचेच पालन केले.

म्हणून आपल्या गावी आपणांस जे करता येईल ते आम्ही थोडक्यात सांगतो. लेकरू जन्मताच त्याला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे, आणि एका तासाच्या आत आईचे पहिले पिवळसर दूध पाजावे. ते फेकून देऊ नये. सहा महिने आईच्या दुधावाचून मध, गुटी, पाणी काही देऊ नये. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड अंगणवाडीत पट्टीने मोजून घ्यावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबल्यास खळगा राहिला, तर नवस किंवा घरगुती उपाय करीत न बसता त्या मुलास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तेथे आईलाही मुलाजवळ राहता येते. आणि मुलगी वयात आली म्हणजे तिचे ताट लहान करू नये. त्याच वयात तिचे रक्त कमी पडते. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी तिने घ्यावी, आणि अठरा वर्षे पुरी होईपर्यंत तिच्या लग्नाचे बोलणेही काढू नये.

उपदेशक बंधूंस आमची निराळी विनंती आहे. घरभेटीस जाल तेव्हा प्रार्थना करून लगेच उठू नका. घरात लेकरे किती आहेत, त्यांतील कोणते उगीच एका कोपऱ्यात बसलेले आहे, हे पाहा. जे रडते त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. जे रडेनासे झाले आहे त्याच्याजवळ आधी जा. आणि जेवावयास बसाल तेव्हा घरातल्या मुलीस कोणत्या वेळी व काय वाढतात तेही पाहा. हे काम लहान दिसते, पण केडगावची सुरुवात अशाच पाहण्यातून झाली.

येत्या हंगामात ओझरच्या मळ्यांत पुन्हा झोळ्या टांगल्या जातील. आमच्या मंडळीतील भगिनींना आमचे इतकेच सांगणे आहे की, झोळीतल्या बाळासाठी दूध घेऊन जाल, तेव्हा दोरी धरणाऱ्या मुलीसाठीही भाकरी घेऊन जा, तिचे नाव विचारा, आणि थोडा वेळ ती दोरी आपल्या हाती घ्या.